शेरा नसलेल्या ओळी

मंगळवार, ३

आज साहेबांनी एका केंद्राचा निकाल लावून टाकला, तोही चार खांबांच्या एका चित्रावरून.

मी मीटिंगमध्ये "एकदा तपासून बघते" एवढंच म्हणाले. बाकीचं लिफ्टमधून खाली येताना मनातल्या मनात म्हणाले, आणि मनातल्या मनात म्हटलेलं कुठल्याही इतिवृत्तात येत नाही. म्हणून ही फाईल उघडली. तिला पासवर्ड घातला आहे.

प्रकार असा. आमची संस्था अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी नर्स पाठवते. केंद्रं चार: बाजारातलं, टेकडीवरचं, गिरणीमागचं आणि पुलापलीकडचं. पुढच्या वर्षी तीनच ठेवायची आहेत. कुठलं बंद करायचं ते सत्तावीस तारखेला समिती ठरवणार, आणि समितीपुढे ठेवायचा चार्ट आज पडद्यावर आला. मागच्या महिन्यातल्या भेटी, केंद्रवार. आठशे एकाहत्तर, नऊशे दोन, आठशे अडतीस, आणि पुलापलीकडच्या केंद्राच्या दोनशे तीन. तीन कपाटं आणि शेजारी एक स्टूल, असं ते चित्र.

"चित्रच बोलतंय," साहेब म्हणाले. "सहा नर्स आहेत तिथे. दिवसभर करतात काय? स्वेटर विणतात?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने दाढी हसला. दाढी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. चार्ट त्यानेच काढलेला, म्हणून साहेबांच्या विनोदावर त्याचा निम्मा हक्क होता.

पुलापलीकडच्या केंद्रात माझी वहिनी नर्स आहे. हे ऑफिसात कोणाला माहीत नाही, कारण कोणी विचारलेलं नाही. ती तिथे नसती तरी मला हा आकडा पटला नसता. सहा नर्सनी महिन्यात दोनशे तीन भेटी म्हणजे माणशी दिवसाला धड दीडही नाही. वहिनीच्या बुटांचे झिजलेले तळ पाहिले तरी हे खोटं आहे हे कळतं. आणि ते केंद्र बंद झालं तर पलीकडच्या दीडशे घरांत आठवड्यातून एकदा कोणीतरी पोचेल, तेही पूल मोकळा असला तर.

या मीटिंगपायी आजची दुपार गेली. मंगळवार आणि गुरुवारची दुपार खरं तर माझी. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून आम्ही वार वाटून घेतले आहेत. सकाळची बाई दोनला जाते. सोमवार, बुधवार, शुक्रवार शेजारच्या काकू येऊन बसतात. मंगळवार-गुरुवार मी घरून काम करते. वहिनी आमच्याच घरी, पण दिवसभर ड्यूटीवर; दादा बोटीवर असतो, त्याची फोनवरून फक्त काळजी येते. दुपारी आईला फोन करून सांगितलं की अडकले आहे.

"अगं, मला काय धाड भरलीय? राहीन की एकटी. तू तुझं काम कर."

संध्याकाळी आले तर आई उशीला टेकून निवांत. टाचेखाली नीट घडी घातलेला टॉवेल, वॉकर हाताशी. आई दुपारी एकटी राहू शकते, हे आज सिद्ध झालं. एका प्रयोगावरून सिद्ध म्हणू नये, पण सुरुवात चांगली आहे.

गुरुवार, ५

ही शीट घरून उघडत नाही. म्हणून आजही ऑफिसात.

चूक सापडायला फार वेळ लागला नाही, आणि त्याचाच जास्त राग आला. शीटच्या तळाशी सगळ्या ओळी मोजणारं सूत्र आहे. ते तीन हजार चारशे पंचाण्णव दाखवत होतं. चार खांबांची बेरीज दोन हजार आठशे चौदा. सूत्र लपलेल्या ओळीही मोजतं. चार्ट मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या ओळींचाच निघतो. म्हणजे मध्ये सहाशे एक्याऐंशी ओळी कोणीतरी लपवल्या आहेत.

डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे झालेले, चारनंतर एकदम अकरा, अकरानंतर सव्वीस. शेऱ्याच्या रकान्यावर फिल्टरची खूण. तो उघडला. सगळ्या शेऱ्यांपुढे टिक होती. अगदी तळाशी, यादी खाली ओढल्याशिवाय दिसतच नाही अशा जागी, 'रिकाम्या' असं लिहिलेलं आणि फक्त त्याच्यापुढची टिक काढलेली.

ती टिक परत लावली. पुलापलीकडचा खांब उठून बाकीच्यांच्या बरोबरीला आला. आठशे चौऱ्याऐंशी.

दाढीला बोलावून दाखवलं.

"हां, ते मीच काढलं," तो म्हणाला. "रिकाम्या ओळी म्हणजे कचरा. कचरा काढून मगच चार्ट करायचा. कोर्समध्ये पहिल्या दिवशी शिकवतात."

"सहाशे एक्याऐंशी ओळींचा कचरा, आणि सगळा एकाच केंद्रात? तुला नवल नाही वाटलं?"

"फुटपट्टी, मला चार्ट मागितला होता. नवल मागितलं नव्हतं."

फुटपट्टी म्हणजे मी. हे नाव मला आवडत नाही असं मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

मला चूक झाल्याचा राग येत नाही. चुका होतात. राग येतो तो याचा, की साहेबांना चार्ट गेला तो चित्र म्हणून चिकटवलेला. चित्रावर फिल्टरची खूण दिसत नाही. ज्याच्यामुळे निकाल लागला ती टिक पाहणाऱ्याला कधी कळणारच नव्हती.

शुक्रवार, ६

मग प्रश्न राहिला की त्या ओळी रिकाम्या का. तो वहिनीला विचारला, ऑफिसचं काहीही न सांगता.

ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून साखरेच्या फुटक्या पाकिटाला चिकटपट्टी लावत होती. पट्टी कापली की रोलवरचं टोक ती चिमटीएवढं दुमडून ठेवते, आणि लावलेल्या पट्टीचंही. म्हणे नंतर नखाने शोधत बसावं लागत नाही. घरातल्या प्रत्येक पाकिटावर आणि औषधाच्या खोक्यावर हे दुमडलेलं टोक आहे. मला ती पट्टीची नासाडी वाटते.

"वहिनी, भेट झाली की शेऱ्यात काय लिहितेस?"

"हे ऑफिस विचारतंय, का वन्सं विचारतायत?" मी तिच्याहून लहान. टोमणा मारायचा असला की ती मला वन्सं म्हणते.

"मी विचारतेय."

"बिघडलं असेल ते लिहिते. नसेल तर काही नाही."

"काही नाही म्हणजे 'ठीक' असं?"

"काही नाही म्हणजे काही नाही. रिकामं. आमच्या मोठ्या सिस्टरांनी आल्या दिवशीच बजावलं होतं. शेरा म्हणजे हाक. कोणीतरी धावून यावं म्हणून मारायची. सगळं बरं असताना हाका मारत बसलात तर खरी हाक ऐकणार कोण?"

यात मला तार्किक दोष सापडला नाही. म्हणजे बाकीच्या तिन्ही केंद्रांत प्रत्येक ओळीपुढे 'ठीक' लिहायची पद्धत आहे, आणि पुलापलीकडे माणूस ठीक असेल तर रकाना मोकळा ठेवायची. आणि आमच्या दाढीने जेवढी माणसं ठीक होती तेवढी सगळी उडवून दिली.

"तुमच्या ऑफिसात आमचं केंद्र बंद करायचं घाटतंय म्हणे," वहिनी म्हणाली.

"मला सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे हो."

"म्हणजे सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पट्टीचं टोक दुमडून उठली. "पण वन्सं, केंद्र बंद केलंत तर रेडिओवाल्या आजोबांना तुम्ही स्वतः येऊन सांगायचं. मी नाही सांगणार. ते रेडिओ फेकून मारतात."

मंगळवार, १०

साहेबांच्या केबिनमध्ये पाऊण तास. दोन्ही चार्ट शेजारी शेजारी ठेवले. फिल्टर दाखवला. मोठ्या सिस्टरांची पद्धत समजावली. कोणाकडून कळली ते सांगितलं नाही.

"हे बघा," साहेब म्हणाले, "मी रिकामी जागा बघतो तेव्हा मला काम झालेलं दिसत नाही. तुम्हाला दिसतं?"

"मला रिकामी जागा दिसते, सर. तिचा अर्थ विचारावा लागतो."

"तीन केंद्रं लिहितात. एक लिहीत नाही. आळशीपणा बक्षीस म्हणून मोजायचा का?"

आळशीपणा! मी तीन वेळा श्वास घेतला आणि कागद गोळा केले. बाहेर आल्यावर दाढी म्हणाला, "तुझे कान लाल झालेत." मी म्हणाले, "एसी बंद आहे." एसी चालू होता.

परत जागेवर येऊन बाकीच्या तीन केंद्रांचे या महिन्याचे शेरे गाळून पाहिले. राग आला की मला फिल्टर लावायला बरं वाटतं. फक्त 'ठीक' ठेवलं आणि तारखेवर क्रम लावला. बाजारातल्या केंद्राच्या बावन्न ओळींपुढे 'ठीक' आहे, आणि त्या ओळींच्या तारखा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या आहेत. वेळापत्रकाप्रमाणे ओळी आधीच तयार असतात. कोणीतरी एका चौकोनात 'ठीक' लिहून त्याचा कोपरा धरला आणि महिनाअखेरपर्यंत खाली ओढला. बाजारातल्या नर्सनी माणसं अजून आजारी पडायच्या आत तपासून मोकळी केली आहेत.

आणि आळशी कोण, तर पुलापलीकडच्या.

गुरुवार, १२

दुपारी ऑफिसातच. आईच्या टाचेवर अंथरुणात पडून पडून जखम झाली आहे, तिची पट्टी आज बदलायची होती. उशीर झाला म्हणून अपराधी वाटत होतं. जाऊन बघते तर पट्टी बदललेली.

"तू वाकलीस कशी?"

"वाकले हळूहळू. तू काय मला अगदीच लोळागोळा समजतेस?"

काम नीट केलं होतं. कापूस स्वच्छ, चिकटपट्टी चारी बाजूंनी सारखी, टोकं दुमडलेली. आईचा हात अजून इतका स्थिर आहे याचं बरं वाटलं. मोरीत दोन कप होते. आई हल्ली दोनदा चहा घेते, ते साखरेच्या दृष्टीने बरं नाही, बोलायला हवं.

वहिनी साडेआठला आली. तिची ड्यूटी सहाला संपते. परवाही अशीच. जेवताना डोळे मिटत होते. दादा नसला की बाहेर वेळ काढते की काय कोण जाणे. विचारलं नाही. ज्याचा त्याचा प्रश्न.

मंगळवार, १७

जिंकले.

बाजाराच्या त्या बावन्न ओळी साहेबांपुढे ठेवल्या. नुसतं तारखेवर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तारखा तशाच राहिल्या.

"मग खरं काय धरायचं?" त्यांनी विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. आगमनाची वेळ. नर्स पेशंटच्या दारात पोचली की फोनवरचं बटण दाबते आणि वेळ आपोआप उमटते. ती हाताने भरता येत नाही, कोपरा धरून ओढता येत नाही, संध्याकाळी सहानंतर तर कुलूपच लागतं. शेरा रिकामा असो की भरलेला, वेळ असेल तर भेट झाली. वेळ नसेल तर झाली नाही. त्यावर चार्ट काढला तर कोणालाच तक्रार करता येणार नाही.

"चालेल," साहेब म्हणाले. "मग या महिन्याच्या आजपर्यंतच्या ओळीही त्यात धरा. आणि वेळ नसलेल्या भेटी नर्सच्या नंबरासकट लावा. पाचच्या वर विनाकारण चुकवल्या असतील तर तिला कमी करायचं, नियमच आहे. सगळ्यांना सारखा."

"अर्थात," मी म्हणाले. इतकं मनापासून मी या ऑफिसात क्वचितच काही म्हटलं असेल. बाजारातल्या ओढाओढीला आता नंबर लागणार.

जिन्यावर दाढी म्हणाला, "फुटपट्टी, तू खूश असलीस की भीती वाटते."

घरी आले तर आईचे केस विंचरून वेणी घातलेली. वेणी! मी विचारलं तर म्हणाली, वेळ जात नव्हता.

गुरुवार, १९

आगमनाच्या वेळेच्या रकान्यावर फिल्टर लावला. सगळ्या टिका काढल्या, तळाची एकच ठेवली: रिकाम्या.

बाजार, चौसष्ट. टेकडी, एकोणीस. गिरणी, सव्वीस. पुलापलीकडचं, अकरा.

अकरा! मला उभं राहून साहेबांच्या दारावर तो आकडा चिकटवावासा वाटला. मग यादी पुरी करायची म्हणून केंद्र 'पुलापलीकडचं' एवढंच ठेवलं आणि नर्सच्या नंबराचा रकाना उघडला. अकरा ओळींत चार-पाच तरी नंबर असतील अशी अपेक्षा होती. यादीत एकच होता. सदतीस.

सदतीस नंबरचं ओळखपत्र रोज रात्री आमच्या दारामागच्या खुंटीवर असतं.

तारखा पाहिल्या. तीन, पाच, दहा, बारा, सतरा. वेळापत्रकातली वेळ सगळीकडे दुपारी दोन ते चार.

मी ही फाईल उघडली आणि तारखा ताडून पाहिल्या. त्याची गरज नव्हती. टॉवेलची घडी. दोन कप. वेणी. आणि टाचेवरच्या चिकटपट्टीची दुमडलेली टोकं, जी मी पाहिली, कौतुक करून लिहूनही ठेवली. सगळं माझ्याकडे होतं, तारीखवार. चार्ट तेवढा काढला नव्हता.

पहिल्यांदा राग आला तो वहिनीचा. हे खरं आहे म्हणून लिहिते. तिच्या केंद्रासाठी मी इथे भांडते आहे, आणि तीच माझ्या शीटमध्ये भोकं पाडते आहे, असं वाटलं. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि पुसायला निघाले होते. राहू दे.

शुक्रवार, २०

सकाळी वहिनी बूट घालत होती तेव्हा विचारलं. आई आत होती. दार लोटून घेतलं.

"मंगळवार-गुरुवार तू दुपारी घरी येत होतीस."

तिने नाडी बांधायची थांबवली नाही. "कोणी सांगितलं? आईंनी?"

"कोणी नाही. तुझ्या अकरा भेटींना वेळ नाही."

"हं. म्हणजे तुमचा तो वेळेचा रकाना अगदीच निरुपयोगी नाही."

"वहिनी, सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तीन तारखेला आई मोरीपर्यंत गेल्या आणि तिथेच अडकल्या. ना पुढे ना मागे. भिंत धरून उभ्या. फोन गळ्यात होता म्हणून मला लावला. मी पोचेपर्यंत तशाच उभ्या होत्या. नंतर मला शपथ घातली, 'तिला सांगू नकोस, तिच्या डोक्यात आधीच काहीतरी चाललंय.' मग मी येत राहिले."

"मी रोज विचारत होते, आई ठीक होती ना म्हणून."

"आणि त्या ठीक होत्या. मी होते म्हणून होत्या. तेवढं तू विचारलं नाहीस." ती उभी राहिली. "विचारायला तू थांबतेस कुठे? उत्तर आलं की लगेच दुसऱ्या खोलीत."

मी कामाचं विचारलं. "त्या अकरा पेशंटचं काय?"

"नऊ जणांकडे सहानंतर गेले. तुमचं बटण तेव्हा झोपलेलं असतं. दोघांकडे नाही जमलं." इथे तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "त्यात एक रेडिओवाले आजोबा. त्यांची लघवीची नळी तुंबली होती. रात्रभर कळवळत राहिले, सकाळी दवाखान्यात न्यावं लागलं. आता बरे आहेत. पण ती रात्र काही मी भरून नाही देऊ शकत."

"हे कारण तू शीटमध्ये लिहायला हवं होतंस."

"काय लिहू? घरी सासू अडकली? त्या रकान्यात पेशंटचं लिहायचं असतं, माझं नाही." तिने खुंटीवरचं ओळखपत्र गळ्यात घातलं. "आता काय होईल?"

मला सांगता येत नाही, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं आणि सगळं सांगितलं: केंद्राचं, चार्टचं, पाचच्या वरच्या नियमाचं, आणि तो मोजमापाचा रकाना मीच सुचवला तेही.

तिने दाराची कडी काढली. मग म्हणाली, "मोजमाप चुकीचं आहे का?"

"नाही."

"मग झालं." आणि गेली.

इतका संताप मला कोणाच्या शांतपणाचा कधी आला नव्हता.

सोमवार, २३

दाढीला कळलं. त्याने माझ्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच विनोद न करता विचारलं, "सदतीस कोण?"

"माझी वहिनी."

तो खुर्ची ओढून बसला. मग हळूच म्हणाला, "वेळ नसलेल्या ओळी गाळून टाक की. चारही केंद्रांच्या. नियम सगळ्यांना सारखा. फक्त झालेल्या भेटींचा चार्ट; न झालेल्यांचं पान जोडूच नकोस. साहेब विसरलेले असतील."

हे तो चांगुलपणाने म्हणाला. आणि खरंच एकाही आकड्याला हात लावावा लागला नसता. एक टिक काढायची, चित्र चिकटवायचं. पुलापलीकडचा खांब ताठ उभा राहिला असता, आणि बाजारातल्या चौसष्ट भेटीही त्याच टिकेबरोबर गडप झाल्या असत्या, त्या चौसष्ट माणसांसकट. आणि आजोबांची ती रात्रही.

मी टिक काढली. चार्ट पाहिला. सुंदर दिसत होता. जेवायच्या सुट्टीभर तसाच ठेवला.

मग परत लावली. वहिनी विचारेल म्हणून नाही. ती विचारणार नाही. मला याचाच राग येत होता, की आता मला दाढीचा राग येईना.

शुक्रवार, २७

समिती. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याच्या बाटल्या. मी चार्ट चित्र म्हणून लावला नाही. शीटच उघडी ठेवली, फिल्टरच्या खुणांसकट. कुठली टिक लावली की काय होतं ते त्यांच्यासमोर करून दाखवलं. 'रिकाम्या'ची टिक काढली तसा पुलापलीकडचा खांब खाली बसला, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही यावर केंद्र बंद करणार होतो?" साहेब बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

मग वेळ नसलेल्या भेटींचं पान. बाजारातल्या चौसष्टपाशी बराच वेळ गेला. मग माझ्या अकरा ओळी आल्या. त्यांच्यापुढे मी एक वेगळा रकाना जोडला होता आणि त्याच्या डोक्यावर 'विश्लेषकाची टीप' असं लिहिलं होतं, म्हणजे मूळ नोंदीत मी हात घातला असं कोणी म्हणू नये. त्यात अकराही ओळींत एकच मजकूर होता. तो अध्यक्षबाईंनी मोठ्याने वाचला.

"या वेळी नर्स क्रमांक सदतीस माझ्या आईजवळ होती. तिथे मी असायला हवं होतं. मी ऑफिसात हा चार्ट करत होते. नऊ भेटी सहानंतर झाल्या, त्यांची वेळ उमटत नाही. दोन झाल्या नाहीत. त्यातल्या एका पेशंटला त्रास झाला."

मग साहेब म्हणाले, "सदतीस तुमच्या कोण?"

"वहिनी."

"हे तुम्ही आज सांगताय?"

"मी तीन तारखेलाच सांगायला हवं होतं, सर. तुम्ही स्वेटरचं बोललात तेव्हा."

एवढं मी आयुष्यात पहिल्यांदा मनाबाहेर बोलले. आवाज चढला होता. दाराबाहेर दाढीला ऐकू गेलं म्हणे.

निकाल: केंद्र तूर्त राहणार. कुठलं बंद करायचं ते नवी माहिती घेऊन ठरेल, आणि ती माहिती मी गोळा करायची नाही. नातं लपवलं म्हणून मला या कामावरून काढलं आहे. ते बरोबरच आहे. वहिनीला नोकरीवरून काढलं नाही, पण नऊ भेटींचा खुलासा पेशंटकडून घेतला जाईल आणि उरलेल्या दोन तिच्या नावावर राहतील. तेही बरोबर आहे. सगळं बरोबर आहे.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "दोन राहिल्या ना? राहू दे," म्हणाली. मग एक देठ मोडून, "वन्सं, आजोबांकडे मी तुला नेणार आहे. आधीच सांगून ठेवते, खाली वाकायची सवय कर. त्यांचा नेम चांगला आहे."

मंगळवार, ३१

दुपारी घरी. ऑफिसात अर्ज दिला आहे: मंगळवार-गुरुवार दुपारी मीटिंग ठेवली तर मी येणार नाही. साहेबांनी सही केली, वर पाहिलं नाही.

आईला मोरीपर्यंत नेलं आणि परत आणलं. जाताना तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की दंडावर बोटं उमटली. तीन तारखेला ती भिंतीला किती वेळ उभी होती ते मी विचारलं. ती म्हणाली, "झालं गेलं." मी परत विचारलं, आणि दुसऱ्या खोलीत गेले नाही. मग तिने सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

टाचेची पट्टी बदलली. माझं काम वहिनीइतकं सफाईचं नाही. चारी टोकं चिमटीत धरून दुमडली.

आगमनाची वेळ: दुपारचे दोन. शेऱ्यात लिहिण्यासारखं काही नाही.